मायना

सांभाळा म्हणेपर्यंत गुलाबाचा काटा तुमच्या तर्जनीत गेलाच. रक्ताचा बारीक थेंब वर येतो आणि तिथेच थांबतो. चोखू नका, पुसूही नका. हे बोट आज रात्रभर लागणार आहे.

तुम्ही सिसिलीतल्या मेसिना शहरात आहात. साल १८८२, महिना डिसेंबर. घराच्या चिमुकल्या बागेत टँजरिनचं एक खुजं झाड आहे आणि नाताळासाठी मुलांकरता तेच सजवलं आहे. घरात सामसूम आहे. मंडळी सर्कशीतल्या माकडांचे खेळ बघायला गेली आहेत. समोर सामुद्रधुनी, पलीकडे इटलीचा मुख्य किनारा. सदतीस वर्षांचा एक दाढीवाला माणूस घाईघाईने बागेत येतो, गुलाबाचे चार काटे खुडतो आणि तुमच्याकडे ढुंकूनही न बघता आत जातो. हा इल्या मेच्निकोव्ह. ओडेसाच्या विद्यापीठातली प्राध्यापकी याच वर्षी सोडून तो इथे येऊन राहिला आहे. बायकोची पोरकी भावंडं सोबत आहेत. सर्कशीला गेलेली मुलं तीच. माणूस प्राणिशास्त्रातला, डॉक्टर नव्हे. डॉक्टर असता तर पुढचा खटाटोप त्याला सुचला नसता, असं मला नेहमी वाटतं.

त्याच्या मागोमाग खोलीत या. सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची अळी आहे, काचेसारखी आरपार. तिच्या आत काही पेशी इकडेतिकडे सरपटताहेत, अन्नाचे कण गिळताहेत. मघापासून त्याच्या डोक्यात एकच घोळतं आहे: या पेशी फक्त पोट भरायला फिरत असतील का? माणसाच्या बोटात काटा गेला की भोवती पू जमतो. मग या अळीत काटा घातला, तर तिच्या फिरत्या पेशी काट्याकडे जातील का? अळीला ना रक्तवाहिन्या, ना रक्त. गेल्याच, तर त्या आपल्या पायांनी गेल्या असंच म्हणावं लागेल.

तो काटे अळीच्या कातडीखाली सरकवतो. आता सकाळपर्यंत वाट बघणं आलं. तो येरझाऱ्या घालतो, समुद्रावर जाऊन येतो, रात्री अंथरुणावर तळमळतो. तुम्हालाही झोप नाही. बोट हळूहळू ठणकायला लागलं आहे. ते अंगठ्याने दाबा. दाबलं की काळ सरकतो, एवढंच आपलं यंत्र.

आधी मागे जाऊ, पंधरा वर्षं. बर्लिन, १८६७. युलिउस कोनहाइम नावाचा तरुण डॉक्टर बेडकावर ओणवला आहे. क्युरारे टोचून बेडकाची हालचाल बंद केली आहे आणि त्याच्या आतड्याचा पातळ पडदा काचेवर पसरला आहे. तुम्ही नळीला डोळा लावा. तांबड्या पेशी मधल्या प्रवाहातून धावताहेत. पांढऱ्या मात्र काठाकाठाने, ओहोळाच्या कडेला पाचोळा घुटमळावा तशा रेंगाळताहेत. एक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटली. बराच वेळ काहीच नाही. मग भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एक टेंगूळ दिसतं, ते वाढतं, आतला भाग बारीक होत जातो आणि अख्खी पेशी बाहेर. भिंत जशीच्या तशी! पू म्हणजे रक्तातूनच बाहेर आलेल्या पांढऱ्या पेशी, हे कोनहाइमने असं तासन्‌तास बसून पाहिलं. पण त्या बाहेर का पडल्या, हे त्याला बेडकाने सांगितलं नाही. त्या काळच्या बऱ्याच जाणत्यांना तर वाटायचं की या पेशी म्हणजे हमाल, जंतूंना पाठीवर घेऊन गावभर पोचवणाऱ्या.

दाबा बोट. ग्योटिंगेन, १८८८. डोळ्यांचे डॉक्टर टेओडोर लेबर सशाचा डोळा तपासताहेत. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात बुरशी वाढली आहे. त्या पडद्यात रक्तवाहिनी नसते, तरी पांढऱ्या पेशी काठाकडून निघून थेट तिकडे चालल्या आहेत. लेबर पुढची पायरी गाठतात. पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपासून काढलेला अर्क बारीक काचनळीत भरून ती डोळ्याच्या आत ठेवली, की नळीच्या तोंडातून पेशी आत शिरतात. नळीत जिवंत जंतू नाही, नुसता अर्क. म्हणजे जंतूच्या अंगचंच काहीतरी पेशींना ओढतं. त्या पदार्थाला लेबर नाव देतात फ्लॉगोसिन. नाव टिकलं नाही, कल्पना टिकली.

आता तो पदार्थ कोणता, हे शोधायला सत्त्याऐंशी वर्षं जायची आहेत. सरळ तिकडेच गेलो असतो, पण वाटेत मुंबई लागते.

१८९७ चा जानेवारी. भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज. गेल्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखलं की हा साधा ताप नाही, हा गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आहे. तेव्हापासून शहर पळतं आहे. घरात उंदीर पडला की माणसं बोचकी बांधताहेत. ज्यांना पळता येत नाही ते काखेत, जांघेत हात घालून चाचपताहेत. पुण्यात दोन महिन्यांनी याच रोगात सावित्रीबाई फुले जाणार आहेत, रुग्णांची सेवा करता करता.

कॉलेजातल्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिन काम करतो आहे. ओडेसाचाच, आणि मेच्निकोव्हचा विद्यार्थी. मघाचा बागेतला माणूस आणि ही खोली यांच्यामध्ये असं थेट गुरुशिष्याचं नातं आहे. टेबलावरच्या बाटल्या नीट बघा. मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब तरंगताहेत आणि प्रत्येक थेंबाखाली प्लेगच्या जंतूंची वाढ गुहेतल्या लोंबत्या सुळक्यांसारखी खाली उतरली आहे. बाटली हलवली की सुळके तळाला बसतात, तुपाखाली नवे धरतात. पुरेसे जंतू झाले की तापवून मारायचे. लस तयार. १० जानेवारीला हाफकिन ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतो, पुढे लोकांना दिली त्याहून मोठी मात्रा. ताप येतो, टोचलेली जागा दुखते, सुजते. तुमच्या बोटासारखीच.

आता मला इथे एक गोष्ट सतावते. गुरूने जन्मभर सांगितलं की जंतू आला की पांढऱ्या पेशी धावतात. मग प्लेगचा जंतू आत शिरतो तेव्हा त्या असतात कुठे? माणूस दोन-तीन दिवस हिंडतो फिरतो, मग एकाएकी ताप, गाठ आणि काही दिवसांत शेवट. एवढा मोठा दरोडा, आणि पहारेकऱ्यांना चाहूल नाही? याच वर्षी मुंबईत जर्मन प्लेग मंडळ येणार आहे आणि त्यात रिखार्ड फायफर आहेत. जंतूच्या अंगातच भिनलेलं विष असतं हे त्यांनी बर्लिनमध्ये पटकीच्या जंतूत दाखवलं आणि ‘एंडोटॉक्सिन’ हे नाव दिलं. उत्तर त्यांच्या त्या शोधातच आहे, पण ते हाती यायला शंभरहून अधिक वर्षं लागणार आहेत. परत येऊ इथे.

नॅशव्हिल, अमेरिका, १९५० चं दशक. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या अंधाऱ्या खोलीत सोळा मिलिमीटरची फिल्म फिरते आहे. डेव्हिड रॉजर्स यांनी टिपलेली. तांबड्या पेशींच्या गर्दीत एक न्यूट्रोफिल, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींतला सगळ्यात पटाईत पाठलाग्या, आणि त्याच्या पुढे स्टॅफिलोकॉकसचा काळा ठिपका. ठिपका डावीकडे वळला की पेशी डावीकडे. ठिपका तांबड्या पेशींच्या आडून निसटतो, पेशी त्यांना ढकलत वाट काढते. शेवटी गट्टम. खोलीतली माणसं हसतात, तुम्हीही हसता. कबड्डीत चढाईवाल्याला कोपऱ्यात गाठल्यावर हसावं तसं. फिल्म वेग वाढवून दाखवली आहे. खरं तर न्यूट्रोफिल मिनिटाला साधारण दहा मायक्रॉन सरकतं, जेमतेम स्वतःच्या लांबीएवढं, तासाला अर्धा-पाऊण मिलिमीटर. पण जंतूच्या मापाने ती चाल भयंकर आहे. ना डोळा, ना नाक, ना मेंदू. आणि तरी वळण चुकत नाही.

यातून तुम्हाला दिसतं की ठिपक्यातून काहीतरी पाझरतं आहे आणि पेशी त्याचा माग काढते आहे. १९६२ मध्ये कॅनबेऱ्यात स्टीफन बॉयडन यांनी हा माग मोजायची सोपी डबी केली: वर पेशी, खाली पदार्थ, मध्ये बारीक भोकांची चाळणी. किती पेशी चाळणीत शिरल्या ते मोजा. एवढीशी युक्ती, पण तिच्यामुळे डझनावारी पदार्थ पारखता आले. फार थांबू नका, डबी सोबत घ्या.

बेथेस्डा, १९७५. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी दातांच्या संशोधनाची संस्था. हो, दातांची! हिरड्यांच्या सुजेत पांढऱ्या पेशी का जमतात, हा दंतवैद्यांना रोजचा प्रश्न असतो. एलियट शिफमन आणि त्यांच्या सहकारी बार्बरा कोरकोरन व शॅरन वॉल चाळणीखाली एकेक पदार्थ ठेवून बघताहेत. ई. कोलाय जंतू ज्या रसात वाढवला, तो रस पेशींना ओढतो हे आधीच माहीत होतं. रसातलं काय, हा प्रश्न होता.

इथे एक जुनं मराठी पत्र आठवा. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडतं तसलं. वर मधोमध ‘॥ श्री ॥’, मग ठरलेला मायना, मग मजकूर. मजकूर जमिनीच्या तंट्याचा असो की मुलगी दाखवण्याचा, सुरुवात ठरलेली. प्रथिनांचं तसंच आहे. पेशी अमिनो आम्लांचे मणी ओवून प्रथिन करायला बसली की पहिला मणी कायम मेथिओनिनचा. माणसात तोच, बेडकात तोच, वडाच्या पानात तोच. मात्र जंतू या पहिल्या मण्यावर एक टिकली लावतात. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, प्रत्येकी एक अणू. तीन अणूंचा फॉर्माइल गट. १९६४ मध्ये केंब्रिजच्या मार्कर आणि सँगर यांनी ती टिकली पाहिली होती. आपल्या पेशी त्यांच्या सर्वसाधारण प्रथिनांना ती लावत नाहीत.

शिफमन यांच्या मंडळींचा तर्क असा: मायना वाचूनच घरचा कोण आणि परका कोण हे कळत असेल तर? त्यांनी टिकली असलेले बारीक तुकडे प्रयोगशाळेत बनवून चाळणीखाली ठेवले. पेशी धावल्या. टिकली काढलेले तुकडे ठेवले, तर पेशी जवळजवळ ढिम्म. पुढच्याच वर्षी मण्यांची अदलाबदल करून सगळ्यात जालीम तुकडा सापडला: टिकलीवाला मेथिओनिन, मग ल्युसिन, मग फेनिलअलानिन. तीनच मणी. एक ग्रॅम पूड वीस लाख लिटर पाण्यात विरघळवली तर जितकी पातळ होईल, तेवढ्यावरही न्यूट्रोफिल पाऊल उचलतं. आठ वर्षांनी कळलं की ई. कोलाय स्वतः हाच तुकडा बाहेर टाकतो. जंतू आपल्या काही प्रथिनांचा डोक्याकडचा भाग छाटतो आणि टिकलीसकट कपटे बाहेर पडतात. बिचाऱ्याला ते टाळता येत नाही. पत्र लिहायचं तर मायना आलाच, आणि नेमका तोच पोलिसांच्या हाती लागतो.

बोट आता चांगलंच लाल झालं आहे. १९७७ मध्ये फिलाडेल्फियात सॅली झिग्मंड यांच्या काचेवर क्षणभर वाका. एका बाजूच्या चरात पदार्थ, दुसऱ्यात नुसता द्रव, मधल्या अरुंद बांधावर न्यूट्रोफिलं. सगळ्यांची तोंडं एकीकडे. पेशीच्या एका टोकाला शंभर कण असतील आणि दुसऱ्या टोकाला नव्व्याण्णव, तर तेवढ्या फरकावरून तिला दिशा कळते.

एवढा तिखट कान असलेल्या शत्रूपुढे जंतूंनी काय करावं? काहींनी कानात बोळे घातले. तोच स्टॅफिलोकॉकस, ज्याचा पाठलाग बघून तुम्ही हसलात, त्याच्या कित्येक जाती एक लहानसं प्रथिन सोडतात, ते न्यूट्रोफिलच्या टिकली ओळखणाऱ्या ग्राहीवर जाऊन बसतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या शास्त्रज्ञांनी ते पकडलं. डांग्या खोकल्याचा जंतू त्याहून हिकमती. घरात हा खोकला कधी ऐकला असेल तर विसरला नसाल: उबळीवर उबळ, आणि मग श्वास ओढताना कोंबडा आरवल्यासारखा आवाज. अशा तान्ह्या बाळाच्या रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या कधी कधी लाखावर जाते. बघणाऱ्याला वाटतं, केवढी फौज उभी राहिली! फौज नाही ती, वाहतुकीची कोंडी आहे. जंतूचं विष पेशीच्या आत शिरून ग्राहीचा निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनालाच निकामी करतं. कान शाबूत, पाय शाबूत, मधला निरोप्या मेलेला. हाक ऐकू येते, उठता येत नाही, म्हणून पेशी रक्तातच गोल गोल फिरत राहतात. पुढे प्रयोगशाळांनी याच विषाने न्यूट्रोफिलची धाव थांबवून दाखवली आणि तो निरोप्या कोण, हे पक्कं केलं. चोराकडून कुलुपाची रचना शिकावी तसं.

आता मुंबईला परत. तीच खोली, त्याच बाटल्या, हाफकिन ताप अंगावर काढत काम करतो आहे. खिशात २००६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरहून आलेलं एक उत्तर आहे.

फायफरांचं एंडोटॉक्सिन म्हणजे जंतूच्या बाहेरच्या आवरणातलं, साखर आणि मेद यांचं बनलेलं रसायन. ते टिकलीसारखा माग सोडत नाही, त्याचं काम दवंडीचं. ऊतीतल्या पेशींच्या एका खास ग्राहीला ते लागलं की त्या पेशी बोंब ठोकतात, निरोपाची रसायनं सोडतात, आसपासच्या रक्तवाहिनीची भिंत चिकट होते आणि कोनहाइमच्या बेडकात पाहिलेला तो सगळा प्रकार सुरू होतो. या रसायनाला मेदाची शेपटं असतात. सहा असली की दवंडी खणखणीत पिटली जाते. प्लेगचा जंतू पिसवेच्या पोटात, म्हणजे थंड जागी असतो, तेव्हा त्याच्याकडे सहा शेपटांचा प्रकारही असतो. पिसू चावते, जंतू सदतीस अंशांच्या माणसात येतो आणि चार शेपटांचं आवरण विणू लागतो. चार शेपटांना आपली ग्राही जवळजवळ ओळखतच नाही. दवंडी पिटलीच जात नाही. उंदरांच्या फुप्फुसात हा जंतू घातला तर पहिला दीड दिवस तिथे सूज नाही, धावपळ नाही, आणि जंतू मात्र वाढत असतो. वुस्टरच्या मंडळींनी प्लेगच्या जंतूत ई. कोलायचं एक जनुक घालून त्याला सदतीस अंशांतही सहा शेपटं ठेवायला लावली. एरवी सगळ्या उंदरांना मारणारा तो जंतू नरम पडला, उंदीर जगले.

खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघा. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल. यांच्यातल्या कोणाकोणाच्या अंगात आत्ता, या मिनिटाला, ती चार शेपटं विणली जात असतील. सरकारी माणसं घरं धुताहेत, घरं उघडी पाडताहेत. रोग पिसवेतून येतो हे सीमाँ नावाचा संशोधक पुढच्या वर्षी कराचीत दाखवेल. दोन शेपटांचा फरक सांगून इथे कोणाचं काही भलं व्हायचं नाही. हाफकिनच्या बाटल्या हलवायला मात्र माणसं कमी पडताहेत.

दाबा बोट, मेसिनाला. पण आधी कॅल्गरी, २०१०, कारण तुमच्या बोटाचा हिशेब राहिला आहे. काटा काही जंतू नव्हे. तारामाशाच्या अळीतला नव्हे आणि तुमच्या बोटातलाही नव्हे. जंतू नसताना पेशी कोणाच्या हाकेला धावतात? कॅल्गरीत उंदराच्या यकृतावर बारीकशी जखम भाजून केली, निर्जंतुक, आणि जिवंत उंदरात सूक्ष्मदर्शकाने पाहिलं. न्यूट्रोफिलं आली. वाटेत त्यांना इतर निरोप मिळत गेले, पण शेवटच्या टप्प्यात, मेलेल्या पेशींच्या ढिगाकडे, त्या टिकलीवाल्या तुकड्यांच्या मागावर गेल्या. निर्जंतुक जखमेत टिकली आली कुठून?

आपल्याच पेशींतून. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया एके काळी स्वतंत्र जंतू होते. शंभर कोटीहून जास्त वर्षांपूर्वी कोणत्या तरी पेशीने त्यांना गिळलं आणि पचवलं नाही, घरात ठेवून घेतलं. तेव्हापासून त्यांनी आपली बहुतेक कामं घरधन्याकडे सोपवली आहेत. फक्त तेरा प्रथिनं ते अजून स्वतः लिहितात, आणि ती लिहिताना जुनाच मायना घालतात, टिकलीसकट. पेशी धडधाकट असेपर्यंत ही पत्रं आत बंद. पेशी फाटली की रस्त्यावर.

मेसिनात उजाडतं आहे. मुलं रात्री उशिरा सर्कशीहून आली, अजून झोपली आहेत. मेच्निकोव्ह अंधारातच उठून सूक्ष्मदर्शकावर वाकला आहे. तुम्ही त्याच्या खांद्यावरून बघा. काट्याभोवती पेशींचा गराडा पडला आहे, दाट, एकमेकींना खेटून. पुढच्या वर्षी नामांकित जर्मन रोगतज्ज्ञ फिरखोव्ह स्वतः मेसिनाला येऊन हे बघतील आणि जपून बोला असा सल्ला देतील; १९०८ मध्ये मेच्निकोव्हला नोबेल मिळेल, आणि त्याच वर्षी डिसेंबरात भूकंपाने हे शहर जमीनदोस्त होईल. आत्ता तो फक्त मान वर करतो, पुन्हा खाली बघतो, पुन्हा वर करतो.

त्याला काही सांगू नका. तर्जनी उजेडात धरा. काटा गेला तिथे लाल कडं आहे आणि मधोमध फिकट ठिपका. तिथे काही पेशी फाटल्या आहेत, तेरा जुनी पत्रं बाहेर पडली आहेत, आणि ती वाचायला येणारे रात्रीपासून तासाला अर्धा मिलिमीटरच्या चालीने येताहेत. घरी पोचल्यावर हळद लावा. आत्ता निघा, मुलं उठायच्या आत.